दाराजवळच्या चटईवरचं प्रभुभोजन

पायाच्या ऑपरेशननंतर चार महिने मी अंथरुणाला खिळून होतो. त्या दिवसांत प्रार्थना करायला बसलो की शब्दच सुचत नसत. देव ऐकतो की नाही, अशीही शंका येऊ लागली होती. निदान प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस मिळावा, एवढ्याच ओढीने त्या रविवारी काठी टेकत चामोर्शीजवळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये गेलो. पोचायला उशीर झाला. पुढच्या बाकांपर्यंत चालवेना, म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसलो. शेजारी चटईवर जंगलातल्या गावाहून येणारी सहा गोंड माणसं होती.

प्रभुभोजनाची मांडणी अकरा वर्षं माझ्याकडे होती, म्हणून खरं ते लिहितो. द्राक्षरसाचे काचेचे पेले अठ्ठेचाळीस. आमच्या जुन्या कुटुंबांतली माणसं एक्केचाळीस. उरलेले सात पेले दर वेळी कपाटात परत जात आणि या सहा जणांना स्टीलचे गिलास दिले जात. पेले कमी आहेत, असं आम्ही सांगत असू. मीही सांगितलं होतं.

त्या दिवशी मांडणी दुसऱ्यांनी केली होती. पुढे मोजके पेले, मागे सहा गिलास. मी उशिरा आल्याने कोणत्याच मोजणीत नव्हतो. सगळ्यांच्या हाती भाकर आणि द्राक्षरस आला, माझे हात रिकामे. उपासना चालू असताना उठून मागणार कसं? डोळे भरून आले.

चटईवरची म्हातारी बाई माझ्याकडे बघत होती. नऊ किलोमीटर चालत येते. चर्चची हजेरी मीच लिहीत असे; तिचा एकही रविवार चुकलेला त्यात नाही. तिने भाकरीचा आपला तुकडा मोडून अर्धा माझ्या तळहातावर ठेवला आणि गिलास पुढे केला.

हळूच म्हणाली, "भाऊ, याच्यातलं घ्याल का? का चालत नाई तुमाले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. अकरा वर्षांत तिच्या हातचं पाणीही मी घेतलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. मी दोन्ही हातांनी गिलास धरला.

"सगळं नका पिऊ," ती म्हणाली. "माह्यासाठीबी ठेवा."

मी अर्धा ठेवला. तिने तो पिऊन डोळे मिटले. चार महिन्यांनी मलाही प्रार्थना करता आली.

त्याच आठवड्यात मंडळीच्या बैठकीत मी उरणाऱ्या सात पेल्यांबद्दल सांगितलं. कुणीतरी टोमणा मारला की पायाबरोबर डोकंही दुखावलेलं दिसतं. पण आता सगळ्यांसाठी काचेच्या पेल्यांचा एकच ट्रे फिरतो. ज्या बाईला मी मागे बसवत आलो, तिच्याच हातून प्रभूने मला जेवू घातलं. तिचे आणि त्याचे उपकार मोठे आहेत. कोणी कुठे बसायचं, हे ठरवणं मी त्याच्यावर सोडलं आहे.