उजवा कौल

१२ फेब्रुवारी. वाळलेली सुपारी सोलायला काढली. रोज येणारी बाई भाचीच्या लग्नाला गेली होती, त्यामुळे दोन्ही गोणी माझ्या एकटीच्या वाट्याला आल्या. दीड महिना अंगणात पडून ऊन खाल्लेली फळं. कानाशी धरून हलवली आणि आत खुळखुळ वाजली, की सोलायला तयार समजायची. जेवण आटोपून पडवीत बसले, पातं हातात घेतलं आणि सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात माझी उलटतपासणी होती.

दावा माझ्या धाकट्या भावाने लावला होता. आमच्या आत्याने मरणाआधी दोन वर्षं मृत्युपत्र केलं आणि ही वाडी, म्हणजे दीड एकर नारळ-पोफळी, विहीर आणि दोन खोल्यांचं घर, एकट्या मला दिली. आत्याला मूल नव्हतं, नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. वाडी तिला तिच्या वडिलांनी, आमच्या आजोबांनी, दिलेली. मृत्युपत्र नसतं तर ती आम्हा बहीण-भावांना अर्धी-अर्धी आली असती. भावाचं म्हणणं, ताईने दबाव आणून सगळी लिहून घेतली.

दाव्यात तीन गोष्टी होत्या. मी आत्याला झोपेच्या गोळ्या देत होते, तिला भावाशी फोनवर बोलू देत नव्हते, आणि तो भेटायला आला की मी मधून उठत नव्हते. पहिल्या दोन खोट्या. तिसरी खरी, पण घरात खोल्याच दोन, उठून जाणार कुठे?

गोळ्या तर आत्याला लागतच नव्हत्या. शेवटची सहा वर्षं मी तिच्याजवळ राहिले, त्यातली निम्मी ती बसल्या जागी झोपलेली असे. सकाळी तिला वाडीत खुर्चीवर बसवायचं आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवायची, हे माझं काम. दिवसातून सात-आठदा. सरकवताना ती जागी व्हायची नाही, फक्त मान दुसऱ्या बाजूला टाकायची. झोपेत बोलायची मात्र. कुठल्या माडाला यंदा धरलं नाही, कुठली पोफळ वाकली, विहिरीवर कोण आलंय. विहिरीवर कुणी नसायचं. मी पाटाचं पाणी फिरवत असायचे आणि मधूनच तिला उत्तर द्यायचे, "गेले ते, पाणी पिऊन गेले." मग ती शांत व्हायची. दुपारच्या वेळी पोफळींचे शेंडे हलतात, पण वारा खाली येत नाही. सुरूच्या झाडांपलीकडचा समुद्र दिसत नाही, शेजारच्या घरात कुणी तांदूळ पाखडावेत तसा ऐकू येतो. अशा वेळी कधीकधी मलाही विहिरीवर कुणीतरी आहे असं वाटायचं. मी जाऊन पाहून यायचे. पाहिलं की शंका राहत नाही.

चारच्या सुमारास वकिलांचा फोन आला. उद्याची शेवटची तयारी.

"ताई, मृत्युपत्राच्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते परत एकदा सांगा. तारखेगणिक विसरायला होतं."

मी सांगितलं. जीप मी ठरवली. डॉक्टरांचा दाखला आदल्या दिवशी मी आणला. दोन साक्षीदार, एक निवृत्त मास्तर आणि एक किराणा दुकानदार, मी बोलावले. रजिस्ट्रेशनच्या कचेरीत नंबर मी लावला. अंगठ्याची शाई पुसायला रुमालही माझाच.

"बाप रे," वकील म्हणाले. "हे असं भराभर सांगू नका. ज्याला मिळणार त्यानेच सगळी धावपळ केली, की कोर्टाच्या भुवया वर जातात. विचारलं तेवढंच बोला. आत्याबाई स्वतःहून म्हणाल्या, तुम्ही फक्त सोबत गेलात."

"मी सोबत गेले नाही, मी घेऊन गेले. तिला जिना चढवत नव्हता."

"तेच म्हणतो, छोटं बोला. बाकी काळजी करू नका. तुमच्या भावाकडे काही नाही. गोळ्यांचा पुरावा नाही, फोनचा नाही. उद्या संपतंय."

फोन ठेवला आणि परत पातं उचललं. भावाकडे काही नाही, हे खरं होतं. जे होतं ते माझ्याकडे होतं. वकिलांना मी सकाळपासूनचं सगळं सांगितलं, पण जीप येऊन उभी राहिल्यापासून ती सुटेपर्यंतची दहा मिनिटं गाळली. प्रत्येक वेळी गाळत आले होते.

मागच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात भाऊ माझ्याच बाकावर येऊन बसला, कारण दुसरा बाक नव्हता. दोन वर्षांनी आम्ही इतके जवळ बसलो होतो.  समोर बघतच तो म्हणाला, "तू आत्याला नेमकं काय सांगितलंस, ते एकदा सांग. कोर्टाला नको, मला सांग."

"तुझ्या वकिलाला विचार. त्याला सगळं माहिती दिसतंय."

"तिला माझा राग होता का?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नाही? तू तर देवाला पण रांगेत उभं करशील आणि नंबर वाटशील."

पुकारा झाला म्हणून तो उठला. टोमणा त्याने सहज मारला होता, पण मी पुढे अर्धा तास पाण्याची बाटली न उघडता हातात धरून बसले.

वाडीच्या दक्षिण कोपऱ्यात उंडीच्या झाडाखाली एक काळा दगड आहे. तो वाडीचा राखणदार. नारळ उतरवायचे असोत की विहीर उपसायची असो, आत्या आधी त्याला विचारायची. विचारायची रीत म्हणजे कौल लावायचा. दोन ओली फुलं दगडाच्या दोन अंगांना चिकटवायची, हात जोडून प्रश्न बोलायचा आणि वाट बघायची. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गावच्या देवळात हे काम गुरव करतो, वाडीत घरचं माणूस. मी हे मानत नाही. आत्या मानायची म्हणून मी फुलं तोडून द्यायचे, एवढाच माझा संबंध.

त्या दिवशी जीप दारात उभी होती. मास्तर पुढे बसले होते, दुकानदार मागे. मास्तरांना दोनच्या एसटीने पुढे जायचं होतं. आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. फाटकापर्यंत आली आणि थांबली.

"देवाला इचारल्याबिगर मी न्हाय जायाची."

"आत्या, बारा वाजता नंबर आहे."

"बारा उद्या पन वाजतात."

वर्षभर ती हाच विचार घोळवत होती. कधी म्हणायची दोघांना देते, कधी म्हणायची सगळी तुला. भावाने एकदा सहज बोलताना म्हटलं होतं की आपला भाग पुण्याच्या कुणाला तरी विकून टाकू, ते बांधतील हॉटेल. तेव्हापासून ती जास्त घोळवायला लागली, आणि मीही. कागद तिने "सगळी बायला", म्हणजे मला, असाच करून घेतला होता, पण अंगठा लागायचा होता.

मी खुर्ची उंडीखाली नेली. तगरीची दोन फुलं तोडून पाण्यात बुडवली. आत्याचे हात तेव्हा फार थरथरायचे.

"तू लाव," ती म्हणाली. "पन दाबू नको हां बाय. नुसती टेकव."

मग तिने हात जोडले. "राखणदारा, वाडी सगळी पोरीला देते हाय. पोराला वाटनी न्हाय ठेवत. बरं का वायट, तू सांग. डावा दिलास तर दोगांना अर्दी-अर्दी करीन, आजच कागद बदलीन."

मास्तरांनी जीपचा हॉर्न वाजवला. मी वाकले. डावं फूल मी अंगठ्याने दगडाच्या खाचेत दाबून बसवलं. उजवं नुसतं टेकवलं.

मी पाठ वळवायच्या आत उजवं पडलं.

"लवकर पडलं," आत्या म्हणाली. "देवाला पन आज एसटी धरायची हाय वाटतं." आणि हसली. मोतीबिंदूने तिचे डोळे दुधाळ झाले होते. ते माझ्याकडे होते की झाडाकडे, मला सांगता आलं नसतं.

आम्ही गेलो, नंबर लागला, अंगठा झाला. संध्याकाळी परत आलो तेव्हा डावं फूल सुकून तिथेच चिकटलेलं होतं. मी नखाने काढून टाकलं.

घाई होती म्हणून दाबलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. घाई होतीच. पण घाईच असती तर दोन्ही फुलं घाईने लावली असती. एकच नीट लावलं.

त्यानंतर कधीतरी, अशीच दुपार होती, मी खुर्ची सावलीत ओढत होते. आत्या डोळे मिटून म्हणाली, "देवानं सांगितलं ते बरं झालं. माझ्यावर न्हाय आलं." मला वाटलं झोपेत बोलते आहे. मी खुर्ची अर्ध्यात सोडून पाटाकडे वळले. ती झोपेत होती की जागी, हे मी अजूनही ठरवू शकलेले नाही. पाटाला पाणी जात होतं, त्यात पोफळीचं एक झाप पडलं होतं आणि पाणी त्याला वळसा घालून चाललं होतं. मी बराच वेळ तेच बघत उभी होते. मला असं उभं राहायची सवय नाही.

संध्याकाळपर्यंत एक गोणी संपली. कोर्टात ज्याला दबाव म्हणतात त्यात गोळ्या येतात, फोन येतो, धमकी येते. आत्याला यातलं काहीही करून कुणी वाकवू शकलं नसतं. ती फक्त एकाचं ऐकायची, आणि त्याच्या नावाने मी उत्तर दिलं होतं. भाऊ व्हरांड्यात विचारत होता ते त्याला सांगायला जगात एकच माणूस उरलं होतं. उद्या कोर्टात मी छोटं बोलले असते तर ते माणूसही संपलं असतं.

दुसरी गोणी तशीच बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या रिक्षाने दिघीच्या जेट्टीवर गेले. भाऊ खाडीपलीकडे राहतो. तारीख असली की तो आगरदांड्याहून पहिल्या फेरीबोटीने स्वतःचा टेम्पो घेऊन येतो. खाडीवर धुकं होतं. आधी बोटीचं इंजिन ऐकू आलं, मग कितीतरी वेळाने बोट दिसली, आणि दिसली तरी जवळ येत नव्हती, नुसती मोठी होत होती. टेम्पो तिसरा उतरला. त्याने काच खाली केली.

"काय ताई, आणखी साक्षीदार गोळा करायला आलीस?"

"बाजूला घे. बोलायचंय."

त्याने टेम्पो जाळ्यांच्या ढिगाशेजारी लावला. मी खिडकीशी उभी राहूनच सांगितलं. आत्याने काय विचारलं, कुठलं फूल दाबलं, कुठलं टेकवलं, संध्याकाळी काय काढून टाकलं. दोन-तीन मिनिटं लागली असतील. 

"म्हणजे दाबलं नसतंस तर डावं पडलं असतं?"

"ते मी कसं सांगू? दाबलं, तिथेच कळायचा रस्ता बंद झाला."

"पण तिने मला अर्धी द्यायची तयारी ठेवली होती. डावा पडला तर."

"हो. आजच कागद बदलीन म्हणाली होती."

त्याने टेम्पोचं इंजिन बंद केलं. धुक्यात कुणीतरी माशांच्या पाट्या उतरवत होतं, त्यांचा पत्र्याचा आवाज येत होता.

"तुझा हात थरथरला का?"

"नाही."

"ते माहीत होतं मला." मग म्हणाला, "माफ केलं असं समजू नकोस."

"समजत नाही."

मी तिथेच उभं राहून वकिलांना फोन लावला. तडजोडीचा अर्ज तयार करा म्हटलं, वाडी दोघांना अर्धी-अर्धी, आम्ही दोघं सोबत येतोय.

"ताई, झोपेत आहात का? आज आपण जिंकतोय!"

"जागी आहे. आणि अर्धी-अर्धी का करतोय, ते मी सांगते तसं अर्जात लिहा."

"तडजोडीला कारण लागत नाही हो."

"लिहा तरी. मी सही करणार आहे."

फोन पिशवीत टाकला आणि टेम्पोला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. सीटवर भावाच्या वकिलाची जाड फाईल पडली होती. ती उचलून मांडीवर घेतली, बसले आणि दार ओढून घेतलं.