पप्पांना सांगता न आलेला फिकट घोडा

"हॉजकिन्स लिम्फोमा असावा," माणिकपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले आणि लगेच समजावून सांगितलं. शरीरात रोगांशी लढणाऱ्या ज्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचा हा कॅन्सर. औषधाला चांगली दाद देणारा. मग त्यांनी विचारलं, "मानेवरची गाठ पहिल्यांदा कधी जाणवली?"

"उपवासकाळात," मी म्हणाले. म्हणजे ईस्टरच्या आधी. आता १९९९चा ऑगस्ट चालू होता.

"मग इतके महिने काय केलंत?"

शेजारी पप्पा बसले होते.

उत्तर मी घरी येऊन पप्पांना दिलं. त्या वर्षी आमच्या सांडोरच्या एका प्रार्थनासभेत बाहेरगावचा एक प्रवचनकार आला होता. बायबलातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातले चार घोडे निघाले आहेत, शेवटच्या फिकट घोड्यावर मरण बसलंय, हे साल पुरं होणार नाही, असं त्याने सांगितलं. मी एकोणतीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई. पण त्याच आठवड्यात आंघोळ करताना बोटांना गाठ लागली आणि वाटलं, घोडा माझ्याच दारात आलाय. डॉक्टर फक्त त्याचं नाव सांगतील. म्हणून गेलेच नाही. संध्याकाळचा ताप यायचा, वजन उतरत होतं, तरीही.

हे लिहितेय ते यासाठीच. गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवा. दुखत नसली तरी दाखवा. माझीही दुखत नव्हती.

पप्पा रागावले नाहीत. त्यांना जास्त लागलं ते वेगळ्या कारणाने. ते निवृत्त शिक्षक. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गावकऱ्यांना तेच पुस्तक समजावून सांगायचे. केळीच्या वाडीला पाणी सोडून, हातपाय धुऊन, पांढरा सदरा घालून निघायचे. तेव्हा आमच्या घरापासून चर्चपर्यंत वाड्याच वाड्या होत्या, आणि वाटेत भेटेल त्याला ते सोबत न्यायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. चित्राचा अर्थ लावण्याआधी विचारा, ते कुणासाठी काढलंय. रोमच्या छळात सापडलेल्या लोकांना उघड नावं घेता येत नव्हती, म्हणून माजलेल्या सत्तेला सात डोक्यांचं श्वापद म्हटलं. घोडे म्हणजे स्वारी, लढाई, दुष्काळ, मरण. त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं. ते कॅलेंडर नव्हे, धीर द्यायला लिहिलेलं पत्र आहे.

मुंबईच्या इस्पितळात बायॉप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला, आणि निदान पक्कं झालं. मग केमोथेरपी, दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध. सहा महिने. वेटिंग रूममध्ये पप्पांच्या मांडीवर बायबल असायचं. तुळिंजच्या सुशीलाताई नवऱ्याला घेऊन यायच्या. त्यांनी एकदा विचारलं, एवढी श्वापदं आणि अजगर, मग शेवटी जिंकतं कोण?

"कोकरू, म्हणजे येशू," पप्पा म्हणाले. "तेसुद्धा मारलेलं. गळ्यावरच्या खुणेसकट उभं आहे, असं मी समजतो."

सुशीलाताईंनी माझ्या मानेवरच्या टाक्यांकडे पाहिलं आणि पदराखालून मोसंबं काढून माझ्या हातात ठेवलं.

चौथ्या औषधानंतर केस गेले. त्या गुरुवारी मी हॉलमध्ये मागच्या बाकावर डोक्याला रुमाल बांधून बसले होते. पप्पा तिसऱ्या घोड्यापर्यंत आले आणि थांबले. कुणीतरी चौथ्याबद्दल विचारलं. त्यांनी पुस्तक मिटलं. "आज मला सांगता येत नाही," म्हणाले आणि प्रार्थना सुरू केली.

घरी जाताना त्यांनी माझा हात धरला. मी शाळेत जायला लागल्यापासून धरला नव्हता.

"बेबी, इतकी वर्षं मी तो घोडा लोकांना फार सहज समजावत होतो गं."

त्यांच्याजवळ सगळे अर्थ होते, आणि तरी ते घाबरले होते. ते कळलं तेव्हा मला माझ्या भीतीची लाज वाटेनाशी झाली.

नवं साल आलं. फेब्रुवारीत औषधं संपली. स्कॅन स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, आता तीन महिन्यांनी या. पुढे सहा, मग वर्षाने.

पावसाळ्यात पप्पांचा घसा बसला आणि त्यांनी शेवटचे अध्याय मला घ्यायला लावले. ते पहिल्या बाकावर बसले, विद्यार्थ्यासारखे. देव सगळ्यांचे अश्रू पुसेल, तो भाग आला. मी काही अभ्यास केला नव्हता. वॉर्डातल्या आयाबाईंबद्दल सांगितलं. उलटी झाली की त्या न बोलता यायच्या, ओल्या फडक्याने आधी तोंड पुसायच्या, मग डोळे. मला वाटतं, देव पुसेल तेही असंच, अगदी जवळ येऊन, म्हटलं.

पप्पांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसत राहिले, आणि मी पुढचं वाचायला घेतलं.