टेकडीच्या पाण्यावरचा शेरा

पालिकेच्या कचेरीतल्या हेडक्लार्कला सगळे शेरेबहाद्दर म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्याने एकच काम केलं, आलेल्या फायलीवर शेरा लिहायचा. सह्या करणारे साहेब बदलले, सभेत हात वर करणारे नगरसेवक बदलले. याने खुर्चीवरची उशी तेवढी बदलली. निवडून आलेले ठरवतात आणि कचेरी राबवते, असं पुस्तकात असतं. पुस्तकवाल्यांनी याचं टेबल पाहिलं नव्हतं.

टेकडीवरच्या वस्तीला नळ द्यावा, ही टिपणी मुळात त्याचीच. बारा वर्षांपूर्वी भर उन्हात टेप धरून त्याने स्वतः चढण मोजली होती, बायका बादल्या घेऊन कुठे कुठे दम खायला बसतात तेही लिहिलं होतं. फाईल कपाटात गेली ती गेलीच.

मग त्याचा धाकटा भाऊ निवडून आला. शाळेत दोनदा गटांगळ्या खाल्लेला, ज्याचे अर्जसुद्धा दादा लिहून द्यायचा, तो! त्याने महिन्याभरात तीच फाईल बाहेर काढली आणि टेकडीला पाणी मी आणतोय म्हणून सांगत सुटला. आईसुद्धा शेजारीपाजारी धाकट्याचेच गोडवे गाऊ लागली. आयत्या बिळावर नागोबा, असं शेरेबहाद्दर बायकोपाशी करवादला. जळत होता, दुसरं काही नाही.

सभेआधी फाईल शेऱ्यासाठी त्याच्याकडे आली. तीन वर्षांहून जुनी मोजणी चालत नाही, असा एक नियम होता. तो कुणी पाळत नसे. याने वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मोजणी जुनी. नव्याने करून फेरसादर करावे.’ स्वतःचीच मोजणी स्वतःच्या हाताने बाद केली, आणि त्या दिवशी घरी जाऊन चवीने जेवला.

अख्खा उन्हाळा टेकडीवरच्या बायका बादल्या वाहत राहिल्या. धाकट्याने त्यांचा मोर्चा पालिकेवर आणला, कचेरी अडवते आणि मी सोडवतो म्हणत दारात दोन दिवस ठाण मांडलं. नवी मोजणी झाली, आकडे तेच निघाले, नळ आला. लोकांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं. शेरेबहाद्दर खिडकीतून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी धाकटा कचेरीत आला. भांडायलाच आला असणार म्हणून याने नियमांचं पुस्तक जवळ ओढलं. धाकट्याने दार लोटून घेतलं.

“दादा, पाणी लगेच आलं असतं ना, तर लोक चार दिवसांत विसरले असते. तू अडवलंस म्हणून मी दिसलो.”

मग त्याने एक फाईल पुढे सरकवली. शाळेकडे जाणाऱ्या पुलाची.

“निवडणुकीला अजून दोन वर्षं आहेत. यावर पण एक शेरा टाक. जरा कडक.”

शेरेबहाद्दराने नियमांचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. काम करून दाखवण्याचा मान धाकट्याने केव्हाच नेला होता. अडवणं तेवढं आपलं स्वतःचं आहे, असं त्याला वाटत होतं. आता तेही धाकट्याचं झालं होतं.