फौजदारबाईंचं इंटरफेरॉन

प्रयोगशाळेत त्यांना सगळे फौजदारबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. बाहेरून आलेलं प्रत्येक प्रथिन आधी तपासायचं आणि मगच इतरांच्या हाती द्यायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी एकदा ‘माणसाचं’ असं लेबल लावलेल्या बाटलीत उंदराचं इंटरफेरॉन निघालं होतं. माणसाच्या पेशींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि त्यांची सगळी मेहनत मातीत गेली. तेव्हापासून त्यांचा भरवसा कशावरच उरला नाही.

घरीही तेच. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. यायला जरा उशीर झाला की तो दारातच विचारायचा, “आज मी आरोपी की साक्षीदार, तेवढं सांग. म्हणजे तसा आत येतो.”

इंटरफेरॉन म्हणजे शरीरातली धोक्याची हाक. ती ऐकली की पांढऱ्या पेशी खडबडून जाग्या होतात आणि जंतू गिळायला लागतात. संशोधनासाठी लागणारं इंटरफेरॉन हल्ली माणसाचं जनुक जिवाणूत घालून बनवतात आणि चिमुकल्या बाटलीत पावडर करून पाठवतात. फौजदारबाई ते विरघळवायच्या, पातळ करून छोट्या नळ्यांत भरायच्या आणि अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवायच्या.

त्या खेपेला आलेला माल ताजा तपासला तेव्हा उत्तम होता. पण काही दिवसांनी फ्रीजरमधली नळी काढून त्यातलं इंटरफेरॉन पेशींवर टाकलं, तर पेशी ढिम्म. दुसरी नळी काढली, तीही तशीच. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

नुकतीच एक नवी संशोधक आली होती. अबोल, नीटनेटकी. फ्रीजरशी काहीतरी करत असायची आणि बाई आल्या की झाकण लावून मोकळी व्हायची. तिचा एक वेगळा डबा होता, त्याला कुलूप. ‘ही चांगलं इंटरफेरॉन काढून घेते आणि नळ्यांत पाणी भरते,’ बाईंनी मनाशी नक्की केलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तिला विचारलंस का?”

“चोराला विचारतात का कधी?”

त्यांनी सापळा लावला. स्वतः भरलेल्या डब्यातल्या एका नळीतलं इंटरफेरॉन काढून नुसतं क्षारपाणी भरलं आणि ती नळी पुढे ठेवली. नवीचा प्रयोग फसला की तिने त्याच नळीला हात लावला हे उघड होणार होतं.

प्रयोग फसला. पण नवी लपली नाही. ती तडक बाईंच्या टेबलापाशी आली.

“मॅडम, तुमच्या नळीत काहीच नाहीये.”

“माझी नळी तू घेतलीस कशाला?”

“लॅबच्या प्रमुख सरांनीच सांगितलं, डबा सगळ्यांचा आहे म्हणून. आणि खरं सांगू? मला तुमचाच संशय होता. तुमच्या नळ्यांतलं थोडं थोडं काढून मी माझ्या डब्यात ठेवलंय, तपासायला. प्रयोग फसल्यावर ते तपासलं, तर सगळ्याच नळ्या जवळजवळ मेल्यात. भरता तुम्ही, ठेवता तुम्ही. मग मी कोणावर संशय घ्यायचा?”

बाईंना एवढी वर्षं लोकांवर संशय घ्यायची सवय होती. स्वतः संशयित व्हायची ही पहिलीच वेळ.

एकमेकींवर विश्वास नसल्यानेच दोघींचं पटकन जमलं. त्याच मालातली एक न उघडलेली बाटली फोडली. अर्ध्या नळ्यांत इंटरफेरॉन नुसतं भरलं, अर्ध्यांत त्याच्या जोडीला थोडं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलंच एक साधं प्रथिन, घातलं. डब्याला चिकटपट्टी लावून दोघींनी त्यावर सह्या ठोकल्या. दुसरीने हात लावला तर कळावं म्हणून.

पट्टी जशीच्या तशी होती. तरीही नुसत्या नळ्या निकामी झाल्या होत्या. अल्ब्युमिनवाल्या नळ्यांनी पेशी लगेच जाग्या केल्या. चोर सापडला होता. नळीचं प्लास्टिक! पातळ केलेलं इंटरफेरॉन नळीच्या भिंतीला चिकटून बसत होतं. आधीच्या मालात अल्ब्युमिन असायचंच, भिंतीवरची जागा तेच अडवायचं. या वेळी सरांनी दुसऱ्या प्रयोगासाठी अल्ब्युमिन नसलेला शुद्ध माल मागवला होता आणि कोणाला सांगायचं विसरले होते.

नवी पहिल्यांदाच हसली. बाई हसल्या नाहीत.

“त्या दिवसाची तुझी नळी,” त्या म्हणाल्या, “ती मी मुद्दाम रिकामी केली होती. तुला पकडायला.”

नवीचं हसू मावळलं. “त्या प्रयोगात वाया गेलेल्या पेशी कोणाच्या होत्या, माहीत आहे तुम्हाला? त्या रिटायर्ड कंडक्टरकाकांच्या. ज्यांना सारखा फुप्फुसाचा संसर्ग होतो. धापा टाकत दोन जिने चढून आले होते ते रक्त द्यायला.” ती आपलं सामान उचलून खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी कंडक्टरकाकांना स्वतः फोन केला. ते आले तेव्हा बाई खाली दाराशी खुर्ची घेऊन उभ्या होत्या. “वर चढू नका. रक्त इथेच घेऊ.”

“मागच्या वेळचं काय झालं?” काकांनी विचारलं.

“वाया गेलं. माझ्यामुळे. एका सहकारी बाईवर खोटा संशय घेतला मी.”

जिन्यावर सुई आणि नळ्या घेऊन उतरणारी नवी मधल्या पायरीवरच थबकली.

काकांनी बाईंनी सांभाळून धरलेल्या खुर्चीकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाही वर सारता सारता अर्ध्यावरच थांबले आणि त्यांनी जिन्यावरच्या नवीकडे मान वळवली.

“सुई कोण टोचणार? तुम्ही की ती?”

“ती.”

“मग ठीक आहे,” काका म्हणाले आणि हात पुढे केला.