आम्ही सगळे वर गेलो तेव्हा

गिझेला राबिचच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोर त्रिग्लाव, देशातला सर्वांत उंच डोंगर. नवी नवरी म्हणून ती दोव्ये गावात आली तेव्हा सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने ती खिडकी उघडून दाखवली होती. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं गिझेलाने त्या खिडकीखाली बटाटे सोलले, भांडी घासली आणि रोज त्या डोंगराचं तोंड पाहिलं. आवडीने नव्हे. बेसिन तिथे, खिडकी तिथे, करणार काय?

ती मुळात सपाटीवरची. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मुरा नदीच्या पलीकडची. तिकडे उंच म्हणजे चर्चचा मनोरा आणि फार तर त्याच्यावरचं करकोच्याचं घरटं. येसेनित्सेला पोलाद कारखान्याच्या कँटीनमध्ये ती स्वयंपाकाला लागली, तिथे भट्टीवरचा व्हिंको रोज दुसऱ्यांदा सूप मागायला येऊ लागला, आणि व्हायचं ते झालं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांनी सुनेला कधी नावाने हाक मारली नाही. "सपाटीवाली, दूध उतू जातंय." "सपाटीवाली, कोंबड्या आत घे." त्या गावात माथ्यावर न गेलेलं माणूस म्हणजे अर्धं माणूस. पहिल्यांदा वर पोचलेल्याला तिथल्या पत्र्याच्या छोट्या मनोऱ्यापाशी ओणवं करतात, चढाईच्या दोराने ढुंगणावर फटके देतात, सगळे खो खो हसतात, आणि मग तो आपल्यातला. सासूबाईंना ते फटके लग्नाआधीच मिळाले होते. सून जेवायला बसली की त्यांना नेमकी तीच आठवण यायची.

त्र्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये अख्खा कारखाना बायकापोरांसकट समुद्रावर गेला. गिझेलाने मुलांसाठी पोहण्याचे कपडेही शिवले होते. व्हिंको म्हणाला, "समुद्र काय, चालता न येणाऱ्यांसाठी असतो. आपण डोंगरात जाऊ. सात तळ्यांवरून थेट माथ्यावर. तुलाही एकदाचे फटके मिळतील, आईचं तोंड बंद होईल."

शेवटचं वाक्य ऐकून ती तयार झाली. आठ वर्षांची पोलोना, अकरा वर्षांचा मातेव्झ, आणि चौघांचं सामान तीन पाठपिशव्यांत. त्यांतली सर्वांत जड पिशवी कोणाच्या पाठीवर आली हे सांगायला नको.

आणि तरीही ती सुट्टी अशी झाली, की पुढे आयुष्यात तशी दुसरी झाली नाही. हे गिझेला आजही नाकारत नाही, आणि म्हणूनच तिची जास्त चडफड होते. लाकडी निवाऱ्यात फळ्यांवर ओळीने झोपायचं, शेजारचा कोण ते सकाळी कळायचं. जवाची घट्ट आमटी, लिंबू पिळलेला चहा. तळ्याच्या पाण्यात कोण जास्त वेळ पाय ठेवतो याची पैज लागली तेव्हा व्हिंको सगळ्यांत आधी ओरडत बाहेर आला आणि मुलं हसून हसून गवतावर लोळली. मातेव्झच्या बुटाचा तळ सुटला, तो तिने तिच्या एप्रनच्या नाड्यांनी बांधला. एका सकाळी धुक्यातून रानबोकड आला, त्यांच्याकडे पाहत उभा राहिला, आणि व्हिंकोने न बोलता तिच्या खांद्यावर हात ठेवला. घरी तो असं कधी करायचा नाही. तिला वाटलं होतं, समुद्र गेला खड्ड्यात.

शेवटच्या दिवशी माथा. धाकटा त्रिग्लाव म्हणतात त्या अलीकडच्या शिखरापासून पुढे अरुंद धार आहे, दोन्ही बाजूंना काहीच नाही. खडकात लोखंडी खुंट्या, त्यांना तारेचा दोर. मनोरा समोर दिसू लागला आणि तिथेच पोलोना बसली. रडली नाही, ओरडली नाही, फक्त खुंटीला मिठी मारून बसली. समजावून झालं, चॉकलेट दाखवून झालं. मागे माणसांची रांग लागली.

"असं करू," व्हिंको म्हणाला. "मी मातेव्झला घेऊन वर जातो. टेकलो की परत. मग मी हिला सांभाळतो, तू जाऊन ये. आहे काय त्यात?"

त्यात काहीच नव्हतं. फक्त वर गेल्यावर व्हिंकोला कारखान्यातले चौघे भेटले, समुद्रावर न गेलेले. त्यांच्याकडे बाटली होती. मातेव्झला फटके द्यायचे, त्यावर एक घोट, मग फोटो, त्यावर एक घोट. तो उतरून आला तेव्हा पश्चिमेकडून ढग गडगडायला लागले होते आणि लोखंडाला धरून उभं राहण्याची ती वेळ नव्हती. सगळे घाईने खाली निघाले.

"पुढच्या वर्षी," व्हिंको म्हणाला. "नक्की."

घरी सासूबाई अंगणातच उभ्या होत्या. "गेलात वर? सगळे?"

व्हिंकोने पोलोनाकडे पाहिलं. पोरगी बुटांकडे बघत होती. शाळेत ही गोष्ट कळली असती तर मुलांनी तिला वर्षभर जगू दिलं नसतं. तो म्हणाला, "सगळे."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी पोतिका कापली आणि पहिला तुकडा सुनेच्या ताटलीत ठेवला. "घे, गिझेला," म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाव. गिझेलाने तो अक्रोडाचा केक चावून चावून खाल्ला आणि गप्प बसली. पोरीसाठी गप्प बसली, आणि पुढच्या वर्षी जाणारच होतो म्हणूनही.

पुढच्या वर्षी छप्पर बदलायचं निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग देश फुटला, कारखान्यात माणसं कमी झाली, व्हिंकोने सुट्ट्यांत लोकांच्या टाइल्स बसवल्या. दर उन्हाळ्यात गिझेला विचारायची, "यंदा जायचं का वर?" आणि तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी." यात त्याचा फार दोष नव्हता असं आपण म्हणू शकतो. गिझेला म्हणत नाही.

दरम्यान त्या सुट्टीची गोष्ट मात्र बाळसं धरत होती. रविवारच्या जेवणाला पाहुणे आले, सूप संपलं, की व्हिंको खुर्ची मागे रेलायचा. "त्र्याऐंशी साली आम्ही सगळे वर गेलो तेव्हा..." रानबोकड एकाचे तीन झाले. पोलोना धारेवरून उड्या मारत पुढे धावायला लागली. आणि एका रविवारी, गिझेला भाजलेले बटाटे घेऊन येत असताना, तो म्हणाला, "आणि आमच्या हिला फटके मी स्वतः दिले. दोन जास्तच दिले, सपाटीवरची म्हणून!"

पाहुणे टेबल बडवून हसले. गिझेलाच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की बटाट्यांचं भांडं तिने टेबलावर ठेवलं नाही, आपटलं. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "कसले फटके? कधी दिलेस?"

"अगं, लोकांना हसू येतं," तो म्हणाला. म्हणजे तेव्हा त्याला माहीत होतं.

त्यानंतर काही वर्षांनी, उन्हाळ्यातच, तिने नेहमीसारखं विचारलं, "यंदा जायचं का वर?" व्हिंकोने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "पुन्हा?" तो म्हणाला. "एकदा पाहिलंस ना. कशाला त्या गर्दीत?"

'पुढच्या वर्षी'चं 'पुन्हा' कधी झालं, तिला कळलंच नाही. तिने ओला फडका पिळला, तो पिळून पिळून फाटायची वेळ आली. पुढे गुडघे गेले आणि तिने विचारणं सोडलं.

मागच्या उन्हाळ्यात पोलोनाची मुलगी आयदा वर जायची ठरली. चौदा वर्षांची, हातात सतत फोन, पण माथ्यावर जायचं म्हटल्यावर तिने महिनाभर आधी बूट घालून फिरायला सुरुवात केली. बरोबर पोलोना. रविवारी जेवताना व्हिंकोने फर्मान काढलं, "आयदाला फटके पोलोना देईल. वर जाऊन आलेल्यानेच द्यायचे असतात. आई लेकीला देणार, काय मजा!"

पोलोना सूपमधल्या शेवया चमच्यावर गोळा करत राहिली.

गिझेलाला जेवण गोड लागेना. इतकी वर्षं आपण जो बोळा तोंडात धरला तो या पोरीसाठी, आणि आता हिला त्या धारेवर, लेकीसमोर कळणार, की इथून पुढे आपण कधी गेलोच नाही? पाय गळाले तर? काही नाही, आज सांगून टाकायचं. जेवणानंतर तिने पोलोनाला शेंगा तोडायला मागच्या वाफ्यात नेलं.

"पोलोना, नीट ऐक. तू लहान होतीस. बाबा काहीही सांगतो, पण तू वर गेलेली नाहीस."

"माहीत आहे मला, आई," पोलोना म्हणाली आणि शेंग तोडली.

"माहीत आहे?"

"अगं, आठ वर्षांची होते, आठ महिन्यांची नव्हते. खुंटीला धरून बसले होते. चड्डी ओली झाली होती, तीही आठवते. म्हणून तर या वेळी जातेय. फटके आयदाआधी मला बसणार आहेत. वर कोणीतरी भेटेलच मारायला."

गिझेला उलट्या टोपलीवर बसली. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बाबा इतक्या हौसेने सांगतो. आणि मला वाटायचं, माझ्यामुळे तुला लाज वाटते."

"मला?" गिझेलाचा आवाज चढला. "बरं. तू खुंटीला धरून बसली होतीस. मग तुझा हात कोणी धरला होता?"

"तू."

"आणि खाली कोणी आणलं?"

"तूच की."

"मग मी वर कधी गेले?"

पोलोनाच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती विचार करायला लागली, आणि तो विचार ती आयुष्यात पहिल्यांदा करते आहे हे गिझेलाला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. "तू... आधी गेली असशील ना? बाबाबरोबर, लग्नाच्या आधी?"

"लग्नाच्या आधी मी गवताच्या गंजीवर चढले होते. तेवढंच."

पोरगी वर गेली नाही, हे पोरीला माहीत होतं. मातेव्झलाही असणार. पण पोरीबरोबर अजून कोणीतरी मागे राहिलं, हे घरातल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. गिझेलाला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संताप. शेंगा तिथेच टाकून ती, दुखऱ्या गुडघ्यांसकट, ताडताड घरात गेली. मागे पोलोना.

व्हिंको टेबलाशीच होता, उरलेल्या पावाने ताटली पुसत. आयदा समोर बसून बुटांना मेण लावत होती.

"बाबा," पोलोना म्हणाली, "आई माथ्यावर कधी गेली?"

"हा काय प्रश्न! त्र्याऐंशीला. आपण सगळे." तो हसला. "फटके मी दिले ना. केवढी हसली होती! लाल स्वेटर होता अंगात."

गिझेलाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा तिच्या ओळखीचा, थापा मारतानाचाही ओळखीचा. तो थाप मारत नव्हता. त्याला ते सगळं दिसत होतं, लाल स्वेटरसकट. सांगून सांगून त्याने तिला त्या माथ्यावर नेऊन उभं केलं होतं, आणि ती वर नव्हती हे ज्याला माहीत असायला हवं होतं त्या माणसाच्या आठवणीत आता धारेवर कोणीच उभं नव्हतं.

"लाल स्वेटर मातेव्झचा होता," ती म्हणाली. "मी वर आले नाही, व्हिंको. तू वर त्या चौघांबरोबर बाटली फिरवत होतास. मग ढग आले."

"काहीतरीच काय," तो म्हणाला. मग पोलोनाकडे पाहिलं. पोलोनाने नुसती मान हलवली. त्याच्या हातातला पाव ताटलीच्या मध्यावर थांबला. चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली.

"मग तू बोलली का नाहीस?" तो शेवटी म्हणाला. आवाजात तक्रारच होती.

"बोलले नाही? दर उन्हाळ्यात 'यंदा जायचं का' म्हणून विचारत होते, ते काय तुझ्या तब्येतीची चौकशी करत होते?"

आयदाने मेणाची डबी हळूच बंद केली. व्हिंकोने पाव खाली ठेवला. म्हातारा झाला होता तो, आणि आता जो प्रश्न त्याने विचारला तो त्याच दिवशी, त्याच धारेवर विचारायला हवा होता.

"मग इतका वेळ तू तिथे काय करत होतीस?"

"उभी होते," गिझेला म्हणाली. "पोरीच्या पाठीमागे, वारा लागू नये म्हणून. तिला आमच्या गावातली करकोच्यांची घरटी सांगत होते, कुठल्या घरावर कुठलं. लोक आमच्या अंगाला घासून पुढे जात होते. एक जण म्हणाला, पोरं सांभाळायची तर घरी सांभाळा."

"मला वाटलं, लांब आहात," व्हिंको पुटपुटला. "खाली कुठेतरी."

"लांब कसली? तू मातेव्झला फटके दिलेस ना, ते मी मोजत होते. तुझं हसणं मला तिथे ऐकू येत होतं."