चित्रातल्या मेणबत्तीला आडोसा

मंडळी, आज दुपारी म्युझियममध्ये गार्डनं मला दटावलं.

आई गेल्याचा निरोप गावाहून पोचला, तोवर तिकडचं सगळं आटोपलं होतं. म्हणून इथेच, जर्सी सिटीतल्या किचनमध्ये, तिच्या नावानं दहा दिवसांचा दिवा लावलाय. मी गप्प गप्प असतो हे पाहून मुलगी नेहा आज मला बळेच चित्रं दाखवायला घेऊन गेली. कॉलेजात ती तेच शिकते.

एका जुन्या फ्रेंच चित्रापाशी ती थांबली. टेबलावर कवटी, मान टाकलेलं ट्युलिप आणि विझत आलेली मेणबत्ती.

"बाबा, हे सगळं म्हणजे लाइफ किती शॉर्ट आहे ते."

ज्योत एका बाजूला कलली होती. नकळत मी हाताचा आडोसा धरायला पुढे झालो. गार्ड ओरडला.

"बाबा! पेंटिंग आहे ते! काय करत होतात?"

"आजी दिव्याला असाच हात धरायची गं."

आजीला नेहा दोनदाच भेटलेली. माझ्यानंतर इथे आईचं काय उरणार, हाच विचार घरी येईपर्यंत डोक्यात होता.

दार उघडताच वाऱ्यानं दिवा फडफडला. मी बूट काढत होतो.

"आय गॉट इट, बाबा!" म्हणत नेहा धावली. तिनं ज्योतीला तळहाताचा आडोसा धरला, मग हळूच तेल घातलं.

त्या चित्रकाराचं खरंच आहे, सगळं जातं. पण तो हात पाहून मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाचा हात असा कधी पुन्हा दिसलाय का?