मेक्सिकोची हिरोईन

परवा कसबा बावड्यात साखर कारखान्याच्या मळीचा वास आला आणि मी थेट शाळेच्या दिवसांत गेले. आम्ही पोरी सिनेमातली मारामारी खेळायचो. मी काळी, म्हणून व्हिलन कायम मीच.

एका रविवारी हिंदीत डब केलेला इंग्रजी सिनेमा बघितला. त्यातली मेक्सिकोची हिरोईन माझ्याच रंगाची होती आणि एकटीच सगळ्यांना लोळवत होती. दुसऱ्या दिवशी मी मैदानात ओरडले, "आज हिरोईन मी हाय!"

मग आमची नेहमीची हिरोईन, गोरीपान शबाना, पुढं आली.

"व्हय की! डिट्टो तशीच दिसतीस. व्हिलनचं काम मी करतो."

मी तिला धुळीत लोळवलं. तेव्हा तो फक्त माझा विजय वाटला होता. आज दिसते ती धुळीत पडल्या पडल्या सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारी शबाना.